दुकान वाढवायचं म्हणजे

एप्रिल आला की आमच्या धारवाडच्या सप्तापुरात गोंदाचा वास सुटतो. इतर गावांत म्हणे या दिवसांत मोगऱ्याचा सुटतो. आंब्याचा तर धारवाडलाही सुटतो, नाही कशाला म्हणू, पण युनिव्हर्सिटीच्या रस्त्याला झेरॉक्स आणि बाइंडिंगच्या दुकानांची रांग आहे, आणि एमबीएच्या समस्त पोरांना आपापले प्रोजेक्ट रिपोर्ट एकाच आठवड्यात बांधून हवे असतात. दुकानाबाहेरच्या बाकड्यावर मरून रंगाचे पुठ्ठे वाळत पडतात. त्यांवरची सोनेरी अक्षरं ओली असतात आणि रस्त्यावरची तांबडी धूळ त्यांना चिकटते. दुपारी तीनच्या सुमाराला ढग येतात, चांगले काळेभोर. सगळे वर बघतात, आता वळीव येणार म्हणतात, आणि ढग तसेच नवलगुंदाच्या दिशेने निघून जातात. उकाडा तेवढा इथे ठेवून जातात.

मी आता टेबलाच्या पलीकडे बसते. म्हणजे शिकवते. वर्षभर पोरं माझ्याकडे फिरकत नाहीत आणि एप्रिलमध्ये दाराशी चपलांचा ढीग पडतो. परवा असाच एक जण आला. गोकुळ रोडला त्याच्या वडिलांचं छोटं वर्कशॉप आहे. घाम पुसत, खुशीत सांगायला लागला की मॅडम, माझा विषय ठरला, पप्पा यंदा वर्कशॉप वाढवणार आहेत. मी हातातला पेन खाली ठेवला आणि विचारलं, तू त्यांना नीट विचारलंस का, वाढवणार म्हणजे कोणत्या अर्थानं? त्याने माझ्याकडे असं बघितलं की मलाच माझी लाज वाटली. वडील नवीन लेथ मशीन घेणार होते हो, बाकी काही नाही. हॉस्टेलवर जाऊन त्याने सांगितलंच असेल की मॅडमचं जरा सटकलंय उन्हाने.

सांगू दे. पण हा शब्द एप्रिलच्या उकाड्यात कानावर पडला की मी अजून दचकते.

काय आहे, आपण मराठी माणसं काही गोष्टी तोंडाने म्हणत नाही. दिवा विझवायचा नाही, दिवा वाढवायचा. नारळ फोडला म्हणायचं नाही, वाढवला म्हणायचं. मंगळसूत्र तुटत नाही, वाढतं. बांगडी फुटली असं एखादी नवखी बोलून गेली तर घरातली सगळी वयस्क मंडळी तिच्या अंगावर धावून जातात: फुटली नाही गं, वाढली म्हण. आणि दुकान बंद करत नाहीत, दुकान वाढवतात. रोज संध्याकाळी शटर ओढायचं आणि घरी येऊन सांगायचं, दुकान वाढवून आलो. बंद हा शब्द दुकानाच्या उंबऱ्याच्या आत यायचाच नाही. आला की राहायलाच येतो, अशी भीती.

माझ्या मैत्रिणीच्या, गौरीच्या घरात तर हा शब्द उठताबसता होता. तिचं घर कासाराचं. पणजोबा मिरजेकडून बांगड्यांची पेटी पाठीला बांधून आले आणि हुबळीतच राहिले. लॅमिंग्टन रोडच्या मागच्या एका बोळात दुकान, वर माडीवर घर. दुकानात तिचे वडील बसायचे. त्यांना ती अण्णा म्हणायची म्हणून आम्ही सगळे अण्णा म्हणायचो, गिऱ्हाइकंसुद्धा अण्णाच म्हणायची. कानडी बायका कासाराला बळेगार म्हणतात; त्या पोरीला सांगायच्या, बळेगार अण्णाकडून भरून घे, त्यांचा हात हलका. तो हात मी लहानपणापासून बघत आले. माझे वडील धारवाडच्या कोर्टात वकील, पण आईचं माहेर हुबळीचं, आणि बांगड्या भरायच्या तर त्याच बोळात. अण्णा आपला हात असा हातात घ्यायचे, अंगठा आत दाबायचे, काहीबाही विचारायचे, शाळा कुठली, भाऊ किती, आणि उत्तर देऊन होईपर्यंत डझनभर काच मनगटावर आलेली असायची. दुखायचं नाही. कळायचंच नाही.

गौरी आणि मी एमबीएला एका बाकावर आलो तेव्हा मी तिला चिडवायचे की बाई, तुला कशाला हवंय मार्केटिंग, तुझ्या बापाकडे बायका आपल्या पायांनी चालत येतात. ती हसायची नाही. तिला दुकानच चालवायचं होतं. वर्गातल्या इतरांना बेंगळुरू दिसत होतं, पुणं दिसत होतं, काचेच्या इमारती दिसत होत्या. हिला दिसत होता तो तिचा बोळ. तिचा भाऊ पुण्याला कंपनीत लागला होता आणि तो परत येणार नव्हता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मग दुकान माझंच की, असं ती म्हणायची. हे तिने मला सांगितलं होतं, सरांना सांगितलं होतं, कँटीनमधल्या भेळ-गिरमिटवाल्यालासुद्धा सांगितलं असेल. अण्णांना मात्र सांगितलं नव्हतं. डिग्री हातात आली की मगच सांगणार, म्हणाली.

दोन वर्षांत आम्ही काय शिकलो? आमचे सर मोठे सज्जन होते, कानडी मिसळलेलं इंग्रजी अगदी चवीने बोलायचे. त्यांचं म्हणणं असं की धंद्यात जे काही घडतं त्याला एक नाव असतं, आणि नाव सापडलं की भीती जाते. आम्हाला ते फार पटलं. आम्ही जग बघायला लागलो ते नावं हातात घेऊनच. मेसच्या भाजीत मीठ कमी पडलं तरी त्याला क्वालिटी कंट्रोल. पंख्याखाली चौकोनात चार घरं आखायची, बळ, दुबळेपणा, संधी, धोका, आणि त्यात आपल्या मामाचं किराणा दुकान कोंबायचं. गौरीने धोक्याच्या घरात लिहिलं होतं: प्लॅस्टिकच्या बांगड्या, ऑनलाइन खरेदी, जीन्स घालणाऱ्या मुली. मी म्हटलं, हो, आणि तू स्वतः जीन्स घालतेस ते कुठल्या घरात लिहायचं? आम्ही फार हसलो होतो. आज ते हसणं आठवलं की बरं वाटत नाही.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्टसाठी सरांनी सांगितलं, खऱ्या धंद्यावर काम करा, आणि मालकाचा इरादा मालकाच्याच शब्दांत मिळवा. एका रविवारी गौरी मला घेऊन दुकानात गेली. फाल्गुन असावा, होळीची लाकडं बोळाच्या तोंडाशी रचलेली होती. ऊन नुकतंच तापायला लागलं होतं. अण्णा गादीवर बसले होते, उजवा हात मांडीखाली दाबून. मला वाटलं बसायची पद्धत. गौरीने हसत हसत विचारलं, अण्णा, पुढचा काय बेत दुकानाचा, आम्हाला लिहायचं आहे.

अण्णांनी रस्त्याकडे नजर वळवली. मग म्हणाले, "लग्नसराई झाली की दुकान वाढवायचं."

गौरीचा चेहरा असा फुलला की काय सांगू. तिने घाईघाईने विचारलं, थोडं थोडं की एकदम?

"एकदम," अण्णा म्हणाले.

मी तिथेच बसले होते. मराठी माझीही मायबोली. पण रोज कानावर यायचं ते दुकान वाढवलं, वाढवून आलो, वाढव बघू आता. ते आजच्या दिवसाचं असायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडण्यासाठीचं. पुढच्या हंगामाचं नाव घेऊन, असं ठरवून सांगितलेलं वाढवणं आम्ही कधी ऐकलंच नव्हतं. आणि दोन वर्षं कानांत दुसरं काय ओतलं होतं? ग्रोथ, ग्रोथ आणि ग्रोथ. जे ऐकायला बसलो होतो तेच ऐकू आलं. बिचाऱ्या अण्णांना वाटलं असणार, पोरीला कळलं, बरं झालं, जास्त बोलावं लागलं नाही.

मग गौरी कामाला लागली. असा उत्साह मी तिच्यात आधी पाहिला नव्हता. दर शनिवारी ती हुबळीला जायची, दुकानात बसून बघायची, आणि सोमवारी येऊन मला सांगायची. अण्णांनी फिरोजाबादहून येणारा नवा माल घेणं थांबवलंय, कपाटांचे वरचे कप्पे रिकामे झालेत. हे ऐकून मला कसंतरीच झालं, पण तिच्याकडे नाव तयार होतं. साठा कमी ठेवून भांडवल मोकळं करतायत, पुढच्या वाढीसाठी. सर म्हणाले, व्हेरी गुड. पुढच्या आठवड्यात तिने सांगितलं की अण्णा आता बायकांना बांगड्या स्वतः भरत नाहीत, तुमच्या तुम्हीच घाला म्हणतात, फार तर आई येऊन घालते. याचंही नाव मिळालं: सेल्फ सर्व्हिस. सर म्हणाले, बघा, न शिकलेला माणूस कसा काळाबरोबर चालतोय. लग्नघरी चुडा भरायला जाणं त्यांनी सोडलंय, हे आलं. त्यालाही नाव मिळालं. कमी फायद्याचा विभाग बंद करून मुख्य धंद्यावर लक्ष. रिपोर्टमध्ये एकेका गोष्टीचं मथळ्यासकट एकेक पान झालं. वाचायला इतकं सुरेख की मी तिच्यावर जळले होते.

त्या चैत्रात मी एकदा गौरीशिवाय, आईबरोबर त्या दुकानात गेले होते. मावशीच्या मुलीचं लग्न होतं. दुकानात शिरल्यावर पहिल्यांदा जाणवली ती शांतता. बांगड्यांच्या दुकानात काच सतत किणकिणत असते, कुणी काढतंय, कुणी ठेवतंय. तिथे काही हलत नव्हतं. रिकाम्या कप्प्यांतल्या वर्तमानपत्रावर बांगड्यांच्या गोल खुणा राहिल्या होत्या, आतला कागद पिवळा पडलेला आणि खुणेपुरता पांढरा. अण्णांना कुणीतरी चहा आणून दिला. त्यांनी तो घेतला नाही. आई निघाली तरी चहा तसाच, वर साय धरलेला. आई बाहेर येऊन म्हणाली, अण्णांचं काहीतरी बिनसलंय गं. मी तिला समजावलं, त्यांचा मोठा बेत चाललाय, दुकान वाढवतायत. आई चालता चालता थांबली, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि मग रिक्षा आली. रिक्षात ती काही बोलली नाही. मला वाटलं उन्हाने थकली.

तोंडी परीक्षेचा दिवस आठवतो तो अंधारून आल्यामुळे. भर दुपारी वर्गात दिवे लावावे लागले होते. बाहेरून आलेले परीक्षक बेळगावकडचे होते, मराठी. उतारवयाचे, हळू बोलणारे. सगळ्यांसमोर प्रेझेंटेशन द्यायचं, मग प्रश्न. गौरी हिरवी साडी नेसून आली होती आणि दोन्ही हात भरून काच. पडद्यावर नकाशे झाले, आकृत्या झाल्या, शेजारचा गाळा घेण्याची योजना झाली. परीक्षक रिपोर्ट चाळत होते. सेल्फ सर्व्हिसच्या पानावर त्यांचा अंगठा थांबला. ते मागे गेले, साठ्याचं पान पुन्हा वाचलं. मग त्यांनी इंग्रजी सोडलं आणि मराठीत विचारलं, वडिलांचे मूळ शब्द काय होते, बाळ?

गौरीने सांगितले. थोडं थोडं की एकदम, तेही सांगितलं, अगदी अभिमानाने.

परीक्षकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आमचे सर हसतमुख चेहऱ्याने एकदा यांच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होते. त्यांना मराठी येत नव्हतं. परीक्षक म्हणाले की रिपोर्ट उत्तम आहे, मला काही विचारायचं नाही. आमचंही कापडाचं दुकान होतं, असंही काहीतरी पुटपुटले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "आज घरी जा. वडिलांना विचार, वाढवायचं म्हणजे काय."

गौरी उभीच होती. तिच्या चेहऱ्यावर कळायला सुरुवात कुठून झाली ते मला दिसलं. आधी ओठ. मग डोळ्यांनी एकेक मथळा पुन्हा वाचावा तसं तिचं झालं, साठा, सेल्फ सर्व्हिस, लग्नघर. ती धन्यवाद म्हणाली, पेनड्राइव्ह काढून घेतला, जागेवर आली, आणि माझा दंड धरून म्हणाली की चल. मला त्या क्षणी आईचं रिक्षातलं गप्प बसणं कळलं.

धारवाड ते हुबळी बसमध्ये तिने तो पेनड्राइव्ह मुठीत धरून ठेवला होता. उणकल तळ्यावर आभाळ इतकं खाली आलं होतं की पाणी आणि ढग यांत फरक दिसेना. वारा पडला होता. तिच्यापेक्षा स्वतःलाच धीर द्यावासा मला वाटत होता. आम्हाला दोन वर्षं शिकवलं होतं की रिस्क म्हणजे ज्याचा अंदाज बांधता येतो ते. ज्याचा बांधता येत नाही त्यावर अर्ध्या पानाची टीप होती, आणि ती परीक्षेला येत नाही म्हणून आम्ही सोडली होती.

अण्णा दुकानात एकटे होते. गौरी चपला न काढताच गादीशी गेली. विचारलं तिने. दोनदा विचारलं. अण्णांचे ओठ हलले, पण शब्द बाहेर येईना. आयुष्यभर जो शब्द त्या उंबऱ्यात येऊ दिला नाही तो आता कसा आणायचा? त्यांनी देवाच्या तसबिरीकडे बघितलं, मान खाली घातली, आणि कानडीत बोलले.

"अंगडी मुच्चूदैति, गौरव्वा."

दुकान बंद करायचं आहे. कानडीत बंदला बंदच म्हणाले. आमच्याकडे माणसं रागावली की कानडीत जातात, प्रेमात आली की कानडीत जातात. पण मराठीत तोंडातून निघणार नाही एवढ्यासाठी कानडीचा आडोसा घेतलेला मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. आणि मग त्यांनी मांडीखालचा उजवा हात काढून पुढे धरला. तो हलत होता. थंडीने हलावा तसा नाही, आपला आपण, आतून. त्यांनी तो डाव्या हाताने धरून ठेवला तर दोन्ही हलायला लागले.

मग एकदा बांध फुटल्यावर ते बोलत राहिले. माघात एका लग्नघरी हिरवा चुडा भरत होते. नवरीचा हात हातात होता, हळदीचा, आणि त्यांचा हात हलला. दोन बांगड्या तिच्या मनगटात गेल्या. हळदीवर रक्त आलं. म्हाताऱ्या घाईघाईने वाढली वाढली म्हणाल्या, नवीन बांगड्या आणल्या, कुणी त्यांना बोल लावला नाही. नवरी मात्र रडत होती आणि तिची आई अण्णांच्या तोंडाकडे बघत नव्हती. उद्या त्या पोरीच्या संसारात काही खुट्ट झालं की तिला माझाच हात आठवणार, अण्णा म्हणाले. त्यांच्या वडिलांचाही हात असाच गेला होता, पण पार म्हातारपणी. यांचा पन्नाशीच्या आतच. डॉक्टरांनी सांगितलं की हे घराण्यात असतं, औषधाने थोडं कमी होईल, जिवाला धोका नाही. अण्णा हसले. जिवाला नाही म्हणे, आमचा जीव कुठं असतोय ते त्याला काय माहीत.

गौरी रडली नाही. ती म्हणाली, "मी बसते दुकानात."

"तुला शिकवलं ते इथनं उठावंस म्हणून."

"मी शिकले ते इथं बसावं म्हणून."

दोघंही थक्क होऊन एकमेकांकडे बघत राहिले. दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी एका घरात, एका ताटलीतला चिवडा खात, बापाने आपला बेत केला होता आणि लेकीने आपला. मधे मी उगाच उभी. माझ्या मनात आलं, उठून जावं. पण गौरीने वळून माझा हात ओढला, मला गादीच्या कडेला बसवलं, आणि कपाटातून हिरव्या काचेच्या बांगड्या घेतल्या, लहान मापाच्या, माझ्या हाताला घट्टच होणाऱ्या. तिने माझा अंगठा आत दाबला. बाहेर गडगडत होतं. आणि खरं सांगते, इतकी भीती मला कुठल्या परीक्षेची वाटली नव्हती. ही काच आता वाढली तर सगळंच संपलं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

ती मला काहीबाही विचारायला लागली. शाळा कुठली, भाऊ किती. माहीत असलेलंच सगळं. मी उत्तरं देत होते आणि अण्णा बघत होते, बांगड्यांकडे नाही, तिच्या बोटांकडे. शेवटची बांगडी आत सरकली. दुखलं नाही. मी रीतीप्रमाणे तिला नमस्कार केला, हसू येत होतं तरी केला.

अण्णांनी गल्ल्यावरच्या किल्ल्या डाव्या हाताने तिच्याकडे सरकवल्या, पण बोटं किल्ल्यांवरून उचलली नाहीत. त्यांनी एकच अट घातली. तिच्यात त्यांचा हात उतरलाय, चांगला तसा वाईटही उतरला असेल, हे ते स्पष्ट बोलले. बापाचा म्हातारपणी, माझा त्याच्या आधी, तुझा कधी ते देव जाणे. ज्या दिवशी हात हलेल त्याच दिवशी मला सांगायचं. नवरीच्या मनगटात काच जायची वाट बघायची नाही. गौरी हो म्हणाली. अण्णा माझ्याकडे वळले, "तूही ऐकलंयस," म्हणाले, आणि मग बोटं उचलली.

गौरीने दुकान वाढवलं, तुमच्या आमच्या एमबीएच्या अर्थाने. शेजारचा गाळा घेतला. लग्नघरी चुडा भरायला ती जाते, बरोबर दोन बायका शिकवून तयार केल्यात. हुबळीतच काय, हावेरीपर्यंत तिला बोलावणं असतं. त्या रिपोर्टचा सगळा पाया खोटा होता आणि त्यातल्या बहुतेक शिफारशी खऱ्या झाल्या. हे मी माझ्या विद्यार्थ्यांना कसं शिकवू, मला कळत नाही, म्हणून शिकवतच नाही. अण्णा माडीवर असतात. हात आता खूप हलतो, घास गौरीची आई भरवते. पण रोज दुपारी चहा त्यांना गौरीच्याच हातून लागतो. काठोकाठ भरलेला कप, बशीसकट. ती जिना चढून येते तेव्हा ते तिच्या तोंडाकडे बघत नाहीत, बशीकडे बघतात. वर्षांमागून वर्षं हे चाललंय. ती म्हणते, माझी अजून रोज व्हायव्हा असते गं.

तोंडी परीक्षा उरकल्या की मी दर एप्रिलमध्ये तिच्याकडे जाते. यंदाही गेले, कालच. लग्नसराईची गर्दी दुपारी जरा ओसरली होती, बाहेर नेहमीसारखे ढग येऊन थांबले होते. मी त्या गोकुळ रोडच्या पोराची गोष्ट सांगायला घेतली, लेथ मशीनची, तिला हसू येईल म्हणून. तिने माझा हात हातात घेतला, अंगठा आत दाबला. आणि माझ्या मनगटावर काहीतरी हललं. इतकं बारीक की वाटावं आपलीच नाडी. मी बोलता बोलता थांबले. ती वर बघत नव्हती. ती बांगडी माझ्या बोटांच्या सांध्यांवर धरून वाट बघत होती, थांबण्याची. ते थांबेना.

गेल्या वर्षी तिने तिशी ओलांडली. हिशेब माझ्या डोक्यात आपोआप झाला: आजोबांचा म्हातारपणी, अण्णांचा पन्नाशीच्या आत, हिचा तिशीत. मी तिच्यावर चिडले, मनातल्या मनात. मग मला तिची इतकी दया आली की डोळे भरून आले.

"अण्णांना सांगू नकोस," ती म्हणाली.

एवढ्यात वरून अण्णांनी हाक मारली. माझा आवाज त्यांनी ओळखला होता. गौरीने कप भरला, नेहमीसारखा काठोकाठ, आणि बशी माझ्या हातात दिली. तू आलीच आहेस तर तूच नेऊन दे, म्हणाली, अगदी सहज, शेजारच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल अशा आवाजात. मी जिना चढले. अण्णा खिडकीशी बसले होते. त्यांनी कपाकडे बघितलं, मग कप आणणाऱ्या माझ्याकडे बघितलं, मग माझ्यामागच्या रिकाम्या जिन्याकडे. मी बसले. त्यांनी माझी विचारपूस केली, वडिलांची तब्येत, कॉलेज, परीक्षा. चहा तसाच होता.

मग त्यांनी विचारलं, हात कसा आहे तिचा?

"चांगला आहे, अण्णा," मी म्हटलं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.